बाजारातली हॉट चॉकलेट पावडर : पाकिटावर काय वाचायचं आणि कपात काय उतरतं

तराजू

थंडी सुरू झाली की 'कुठलं हॉट चॉकलेट चांगलं?' हा प्रश्न चार वेगळ्या धाग्यांवर विचारला जातो आणि उत्तरं ब्रँडच्या नावांपुढे जात नाहीत. एकाला जे आवडतं ते दुसऱ्याला पाणचट किंवा गोडमिट्ट का लागतं, याचं कारण बहुतेक वेळा ब्रँडमध्ये नसतं. दोघांनी मुळात वेगळ्या जातीचा माल घेतलेला असतो.

दुकानात 'हॉट चॉकलेट' म्हणून जे मिळतं त्यात चार जाती आहेत. पहिली म्हणजे ड्रिंकिंग चॉकलेट. यात साखर, कोको, चिमूटभर मीठ आणि व्हॅनिलाचा वास एवढंच असतं, आणि ते दुधातच घालायचं असतं. आपल्याकडे कॅडबरी आणि पुण्याच्या वीकफील्डचे डबे या जातीचे. दुसरी जात इन्स्टंटची. त्यात दूध पावडर, व्हे (चीज करताना उरणाऱ्या पाण्याची पूड) किंवा क्रीमर आधीच घातलेलं असतं, नुसतं गरम पाणी ओतायचं. तिसरी दाट, चमच्याने खाण्याजोगी. तिच्यात स्टार्च असतो आणि ती उकळल्याशिवाय होत नाही. चौथी म्हणजे खऱ्या चॉकलेटचा कीस किंवा चकत्या. बोर्नव्हिटा, बूस्ट, माइलो यांत धरू नका, ती माल्टची पेयं आहेत, कोको त्यात चवीपुरता.

तुलना करायची तर जातीतल्या जातीत करावी, आणि मोजमाप एकच ठेवावं : एका कपात कोको किती ग्रॅम आणि साखर किती ग्रॅम. बाकी सगळं त्यानंतर. ज्यांच्याकडे जे पाकीट आहे त्यावरचे आकडे घेऊन लिहा.

कपबशी

चांगला धागा. हिशोब मांडूनच टाकते.

ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये २५% कोको धरा. शिगोशीग तीन चहाचे चमचे म्हणजे साधारण १८ ग्रॅम पावडर, २०० मिली दुधाला. त्यातला कोको साडेचार ग्रॅम, साखर तेरा ग्रॅमच्या आसपास. दुधातली स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, ९-१० ग्रॅम असते ती वेगळी. लेबलवर 'अॅडेड शुगर' म्हणून जी ओळ असते तिच्यात ती धरलेली नसते. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार लेबलवर दिवसाच्या गरजेची टक्केवारी दिलेली असते, आणि त्यात अॅडेड शुगरची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरली आहे. म्हणजे एका कपात पाव हिस्सा संपला.

आता इन्स्टंटचं पाहा. एखाद्या पुडीवर कोको १०% लिहिलं असेल आणि पुडी २५ ग्रॅमची असेल, तर कपात कोको अडीच ग्रॅम. ड्रिंकिंग चॉकलेटच्या निम्म्याच्या थोडा वर. म्हणूनच अनेकांना इन्स्टंट 'चॉकलेटी वासाचं गोड दूध' लागतं.

साधी कोको पावडर घेतली तर ५ ग्रॅम कोको (सपाट दोन चमचे) आणि ८ ग्रॅम साखर (सपाट दोन चमचे) यात २०० मिली उत्तम होतं. कोको जास्त, साखर पाच ग्रॅमने कमी.

ओलसर

कपबशी, पण पाकिटावर कोकोचे टक्के लिहिलेलेच नसतील तर? माझ्यासमोर जो डबा आहे त्यावर नुसतं 'साखर, कोको सॉलिड्स' आहे.

तराजू

काढता येतो, फक्त त्या पाकिटात दूध पावडर नसली पाहिजे.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात प्रथिनं बघा. साखरेत प्रथिनं शून्य. कोको पावडरीत वजनाच्या सुमारे २०% असतात. म्हणजे साखर-कोकोच्या मिश्रणात जेवढी प्रथिनं दिसतात ती सगळी कोकोतून आलेली. प्रथिनांच्या आकड्याला पाचने गुणा. १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅम प्रथिनं असतील तर कोको सुमारे २५%. तीन असतील तर १५%.

दुसऱ्या बाजूने पडताळा घ्यायचा तर १०० मधून एकूण साखर वजा करा. साखर ७३ ग्रॅम असेल तर उरलेले २७ म्हणजे कोको आणि किरकोळ बाकीचं. दोन्ही आकडे जवळपास आले की हिशोब बरोबर. वजाबाकीतून कोको ३५% आला आणि गुणाकारातून १५%, तर समजा की मधली जागा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) किंवा स्टार्चने भरली आहे. घटकांच्या यादीत ते सापडेलच, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते.

स्निग्धांशही बोलतो. नेहमीच्या कोकोत १०-१२% कोको बटर असतं, भारी कोकोत २०-२४%. पंचवीस टक्के कोकोच्या डब्यात फॅट अडीच-तीन ग्रॅम दिसलं तर कोको नेहमीचा. पाच-साडेपाच दिसलं तर एक तर कोको जास्त स्निग्धांशाचा, नाहीतर वरून तेल घातलेलं. तेही यादीत दिसतं.

टेम्सकाठ

इथे ब्रिटनमध्ये नावावरूनच बरंच कळतं. युरोपच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशानुसार (ब्रिटनचे नियमही त्यावरच बेतलेले) 'ड्रिंकिंग चॉकलेट' म्हणायचं तर निदान २५% कोको पावडर हवी, आणि 'चॉकलेट पावडर' म्हणायचं तर ३२%. 'हॉट चॉकलेट ड्रिंक' किंवा 'इन्स्टंट हॉट चॉकलेट' या नावांना अशी अट नाही.

कॅडबरीचेच दोन जांभळे डबे शेजारी ठेवलेले असतात, एक दुधात घालायचा 'ड्रिंकिंग चॉकलेट', दुसरा पाण्यात घालायचा 'इन्स्टंट'. घाईत दुसरा उचलला जातो आणि तो दुधात घातला की दूध पावडर अधिक दूध असं होऊन कप जड आणि अती गोड होतो. भारतातून आलेल्या नातेवाइकांसोबत डबे पाठवताना हे नक्की बघा.

ओलसर

हिशोब जमला, माझा डबा २०% च्या आसपास निघतोय. आता खरी अडचण : वर गुठळ्या तरंगतात आणि तळाशी गाळ बसतो. दूध उकळतं घेऊनही.

रवीवाला

गुठळ्या आणि गाळ हे दोन वेगळे दोष आहेत, त्यांचे उपायही वेगळे.

गुठळ्या होतात कारण कोकोच्या कणांवर स्निग्धांशाचा थर असतो आणि तो पाणी अंगाला लागू देत नाही. खूप गरम दुधात पावडर टाकली की गोळ्याचा बाहेरचा थर लगेच भिजून चिकट होतो, आतली पावडर कोरडीच राहते. दूध जितकं गरम आणि ढवळणं जितकं उशिरा, तितक्या गुठळ्या घट्ट. त्यामुळे उकळतं दूध घेणं हा उपाय नाहीच.

असं करा. कपात पावडर घ्या. १८ ग्रॅमला १५-२० मिली कोमट दूध, म्हणजे एक मोठा चमचा भरून. चमच्याच्या पाठीने कडेला घासत घोटा. अर्ध्या मिनिटात चकचकीत लेप तयार झाला पाहिजे, करडे ठिपके दिसत असतील तर अजून घोटा. या टप्प्यावर दूध जास्त पडलं तर घासायला पकड मिळत नाही आणि गुठळ्या पोहत राहतात. लेप झाला की उरलेलं गरम दूध आधी थोडं, मग सगळं ओता.

साधा कोको वापरत असाल तर आधी कोरडा कोको आणि कोरडी साखर नीट मिसळा. साखरेचे दाणे कोकोच्या कणांना एकमेकांपासून लांब ठेवतात, लेप पटकन होतो.

गाळाचं म्हणाल तर कोको दुधात विरघळत नाही. साखर विरघळते, कोको नुसता तरंगत राहतो आणि सावकाश खाली बसतो. कुठलाही ब्रँड याला अपवाद नाही. तो खाली बसू नये म्हणून कंपन्या द्रवाला किंचित दाटपणा देतात. यादीत आयएनएस (खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांचे ठरलेले क्रमांक) ४०७ म्हणजे कॅरागीनन, ४१५ झँथन, ४१२ ग्वार, ४६६ सेल्युलोज गम. यातलं कॅरागीनन दुधातल्या केसीन या प्रथिनाला धरून फारच बारीक जाळं करतं, त्यामुळे अगदी थोडं पुरतं. आयएनएस ३२२ म्हणजे लेसिथिन, ते गाळासाठी नसून पावडर लवकर भिजावी म्हणून असतं. ज्या डब्यात ३२२ आहे आणि पावडर रवाळ दिसते ती थंड दुधातही मिसळते.

घरी हाच दाटपणा हवा तर २०० मिलीला अर्धा चमचा कॉर्नफ्लॉवर कोरड्या पावडरीत मिसळा, लेप करा, दुधात घालून पातेल्यात सतत ढवळत एक उकळी आणा आणि मंद आचेवर एक मिनिट ठेवा. उकळी आली नाही तर कॉर्नफ्लॉवर फुलत नाही आणि कच्ची पिठूळ चव राहते. मायक्रोवेव्हमध्ये हे नीट साधत नाही, मधूनच उतू जातं.

शेवटी रवीने किंवा छोट्या फ्रॉदरने वीस-तीस सेकंद घुसळा. वर फेस असला की सायही धरत नाही.

साजूक

रवीवाल्यांना अनुमोदन. एक भर : दूध कुठलं घेता त्याने चव बरीच बदलते. टोन्ड दुधात ३% फॅट, फुल क्रीममध्ये ६%. फुल क्रीम किंवा म्हशीच्या दुधात तोच चमचा फिका लागतो, कारण स्निग्धांश कडवटपणा आणि वास दोन्ही दाबून टाकतो. तिथे कोको ५ ऐवजी ७ ग्रॅम करा, साखर तेवढीच ठेवा. पाकिटावरची कृती बहुधा पातळ दूध धरून दिलेली असते.

आणि चिमूटभर मीठ. अगदी दोन बोटांत मावेल तेवढंच. गोडपणा न वाढवता चॉकलेटची चव उठून येते.

ओलसर

लेप करून पाहिला, गुठळी एकही नाही. _/\_

रंगाचं विचारायचं होतं. एका डब्यातली पावडर लालसर-फिकी, दुसरीतली जवळजवळ काळी. काळ्यात कोको जास्त का?

तराजू

नाही, रंगावरून प्रमाण कळत नाही. तो अल्कलीचा परिणाम.

कोकोच्या बियांचा लगदा दाबून त्यातलं बटर काढण्याचं यंत्र आम्सटरडॅमच्या कास्पारस व्हॅन हाउटेन यांच्या नावावर १८२८ मध्ये नोंदलं गेलं. उरलेली पेंड दळली की कोको पावडर. त्यांचा मुलगा कुनराड याने ती अल्कलीने धुण्याची रीत काढली, म्हणून तिला डच कोको म्हणतात. अल्कलीने आंबटपणा जातो, रंग गडद होतो, चव गोलसर होते आणि पावडर दुधात लवकर भिजते. नैसर्गिक कोकोचा पीएच साडेपाचच्या आसपास, डच केलेल्याचा सात ते आठ.

लेबलवर ओळखायचं तर यादीत 'अॅसिडिटी रेग्युलेटर' म्हणून आयएनएस ५०१ किंवा ५०० शोधा. असेल तर डच. हर्शीजच्या 'नॅचरल अनस्वीटन्ड' डब्यात अल्कली नसते, त्यामुळे त्याचं हॉट चॉकलेट जरा आंबूस, फळासारखं लागतं. काहींना तीच चव आवडते. ज्यांना नको त्यांनी २०० मिलीला खायच्या सोड्याची अगदी कणभर चिमूट टाकावी. रंग डोळ्यांदेखत गडद होतो. जास्त पडली तर साबणाची चव येते आणि ती कशानेही झाकत नाही.

नैसर्गिक कोकोने ताजं दूध फाटत नाही. आंबायला टेकलेलं दूध मात्र फाटतं, मग दोष पावडरीला दिला जातो.

मुलुखगिरी

बोर्नव्हिटा गरम दुधात घातला तर तेच ना शेवटी?

कपबशी

नाही. त्यात मुख्य चव माल्टची, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याची असते. आवडत असेल तर जरूर प्या, पण चॉकलेट म्हणून तुलना करता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी काही व्याख्याच नाही. पोषणाच्या नावावर जास्त पैसे मोजण्याआधी साखरेची ओळ वाचावी.

जर्सीकर

अमेरिकेतल्यांसाठी. इथे दुकानात 'हॉट कोको मिक्स' म्हणून जे दिसतं ते बहुतांश दुसऱ्या जातीचं. स्विस मिसची यादी बघा : साखर, कॉर्न सिरप, व्हे, मग कोको. एका पुडीला सहा फ्लुइड औंस, म्हणजे सुमारे १८० मिली गरम पाणी. लोक आठ-दहा औंसांचा मग भरतात आणि पाणचट लागतं म्हणतात. मग मोठा असेल तर पाणी मोजूनच घाला.

पाणी उकळतं नको, ८० अंशांच्या आसपास. उकळी थांबल्यावर दोनेक मिनिटं थांबलं की झालं. उकळत्या पाण्याने व्हे आणि दूध पावडरीतली प्रथिनं बारीक कणांसारखी गोळा होतात आणि वर पांढुरके तुकडे दिसतात. पाणी जड असेल तर हे अधिक होतं.

मेक्सिकन दुकानात अबुएलिता किंवा इबारा नावाच्या जाड चकत्या मिळतात, त्यांत साखर आणि दालचिनीचा स्वाद असतो. अबुएलिताची ९० ग्रॅमची एक चकती चार कप दुधाला. दूध गरम होत असतानाच तुकडे टाकायचे आणि पूर्ण विरघळेपर्यंत घुसळायचं. तिकडे त्यासाठी मोलिनियो नावाची लाकडी घुसळणी असते, आपली रवी तेच काम करते. चकतीतली साखर भरड असते, त्यामुळे घाई केली तर दाताखाली कचकच येते.

साजूक

इन्स्टंट घेणाऱ्यांनी एक ओळ जास्त वाचा : सॅच्युरेटेड फॅट. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २% ची मर्यादा आहे, त्यामुळे क्रीमरमध्ये आता पाम किंवा खोबरेल तेलातले घन घटक जास्त दिसतात. यादीत दूध पावडर आधी आहे की 'एडिबल व्हेजिटेबल फॅट' आधी, यावर चव ठरते. फॅट आधी असेल तर जिभेवर मेणचट थर राहतो.

खर्डेघाशी

पैशाचंही बोलू. किंमत १०० ग्रॅमला काढली तर फसायला होतं, कोकोच्या ग्रॅमला काढा.

समजा २०० ग्रॅमचा डबा २०० रुपयांना आहे आणि कोको २५%. म्हणजे ५० ग्रॅम कोको आणि १५० ग्रॅम साखर. साखर ४५ रुपये किलोने सात रुपयांची. उरलेले १९३ रुपये ५० ग्रॅम कोकोचे, म्हणजे जवळपास चार रुपये ग्रॅम. शेजारी १५० ग्रॅमचा साध्या कोकोचा डबा ३०० रुपयांना असेल तर तो दोन रुपये ग्रॅम पडला. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमच्या दुकानातले घालून बघा. मिश्रण क्वचितच स्वस्त निघतं.

आणखी एक. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता, घाना आणि आयव्हरी कोस्टमधली पिकं बसल्यामुळे. कच्चा माल असा महागला की कंपन्यांपुढे तीन वाटा असतात : किंमत वाढवणं, वजन कमी करणं किंवा कोको कमी करून साखर वाढवणं. नेहमीचा डबा अचानक फिका लागला तर जुन्या-नव्या डब्यांची प्रथिनांची ओळ ताडून पाहा. तराजूंनी वर दिलेली पाचने गुणायची रीत इथे फार कामाची आहे.

टेम्सकाठ

तिसऱ्या जातीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

इटलीच्या चोकोलाता काल्दाच्या पुड्या (चोबार वगैरे) आणि स्पेनचं 'चोकोलाते आ ला तासा' यांत स्टार्च किंवा पीठ मुद्दाम असतं. स्पॅनिश नावांना तर युरोपच्या नियमात मोजमाप आहे : 'आ ला तासा' मध्ये पीठ-स्टार्च जास्तीत जास्त ८% आणि कोको घटक निदान ३५%, 'फामिलिआर आ ला तासा' मध्ये पीठ १८% पर्यंत आणि कोको निदान ३०%. पहिलं घ्या, दुसऱ्यात खळीची चव जाणवते.

हे कपात दूध ओतून होतच नाही. थंड दुधात पावडर कालवायची, मध्यम आचेवर सतत ढवळत उकळी आणायची, मग आच मंद करून दोन मिनिटं. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की गॅस बंद. गार होताना अजून दाटतं, म्हणून पातेल्यात हवं त्यापेक्षा पातळ असतानाच उतरवा. दुसऱ्यांदा गरम करताना दोन चमचे दूध घालून घोटलं नाही तर खरवससारखे तुकडे पडतात.

रवीवाला

आणि चौथी जात, किसाची. २०० मिलीला ३०-३५ ग्रॅम, ७०% डार्क असेल तर २५ सुद्धा पुरतं. साखर यातलीच, म्हणून ७०% च्या ३० ग्रॅममध्ये साखर नऊ ग्रॅमच्या आत राहते.

भारतात सगळ्यात मोठी गफलत इथे होते. केकच्या सामानाच्या दुकानातली लादी आणून किसली जाते आणि तिच्यावर 'कंपाउंड' लिहिलेलं असतं. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचा घट्ट स्निग्धांश असतो. कोको बटर ३४-३५ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडात लगेच. कंपाउंडचा स्निग्धांश अनेकदा त्याहून जास्त तापमान मागतो, म्हणून कप कोमट झाला की टाळूला चिकटतं आणि वर तेलाचे डोळे तरंगतात. यादीत 'कोको बटर' हे शब्द हवेत, 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' नकोत.

खऱ्या चॉकलेटलाही तेल सुटू शकतं. कीस थेट भरपूर दुधात टाकला तर स्निग्धांश वेगळा होतो. आधी किसाइतकंच गरम दूध घेऊन घोटा, चकचकीत गर झाला की बाकीचं दूध थोडं थोडं घाला. पातेलं गॅसवर ठेवून चॉकलेट उकळू नका, तळाला लागतं.

ओलसर

गुळाची पावडर घातलेलं 'रिफाइंड साखर नाही' असं एक पाकीट मिळालं. दूध फाटलं. आणि एक 'शुगर फ्री' आहे, ते प्यायल्यावर तोंडात गार लागतं?

साजूक

गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात, उकळत्या दुधात पडले की केसीन गोळा होतं. गॅस बंद करून, दूध दोन-तीन मिनिटं निववून मग ते मिश्रण घाला आणि परत उकळू नका. शरीरासाठी गूळही साखरच आहे, पाकिटावरच्या हिरव्या पानाने त्यात फरक पडत नाही.

गार लागतं ते एरिथ्रिटॉलमुळे, आयएनएस ९६८. विरघळताना ते उष्णता ओढून घेतं. ९६५ म्हणजे माल्टिटॉल, जास्त झालं तर पोट बिघडतं, म्हणून लेबलवर तशी सूचना असते. ९५५ सुक्रॅलोज आणि ९६० स्टीव्हिया अगदी थोडे लागतात, त्यामुळे पाकिटाचं वजन भरून काढायला माल्टोडेक्स्ट्रिन घातलेलं असतं. मधुमेह असणाऱ्यांनी ते नक्की तपासावं, कारण ते रक्तातली साखर लवकर वाढवतं आणि 'शुगर' च्या ओळीत फारसं दिसत नाही, 'कार्बोहायड्रेट' च्या ओळीत दिसतं.

सगळ्यात सोपं म्हणजे साधा डच कोको आणून गोडी आपण ठरवणं.

मांडवीतीर

गोवा-कोकणातल्यांसाठी साठवणीचं. पावसाळ्यात सगळ्यात आधी दगड होतो तो इन्स्टंटचा, कारण दूध पावडरीतलं लॅक्टोज हवेतला ओलावा ओढून चिकटतं. त्यानंतर ड्रिंकिंग चॉकलेट. साधा कोको बराच टिकतो. पुठ्ठ्याच्या खोक्यातलं मिश्रण आणल्याबरोबर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून जून-जुलैत घेऊ नका, पुड्या घ्या. वाफाळत्या पातेल्यावर धरून डबा कधी उघडू नये, आणि फ्रिजमध्येही ठेवू नये. बाहेर काढल्यावर आतल्या बाजूला पाणी धरतं.

सुक्या गुठळ्या बोटाने फुटत असतील तर चाळून वापरा. रबरासारख्या झाल्या असतील किंवा खवट वास येत असेल तर टाकून द्या.

दूध चालत नसेल त्यांच्यासाठी : नारळाचं दूध छान जमतं, पण घट्ट रस उकळला की फुटतो. दोन भाग पातळ रस कोकोसोबत उकळून घ्या, एक भाग घट्ट रस शेवटी गॅस बंद करून. नैसर्गिक कोकोपेक्षा डच कोको याला जास्त मानवतो. ओटचं दूध तापवल्यावर आपोआप दाट होतं, त्यात कॉर्नफ्लॉवर घालू नका. बदामाचं दूध खूप तापलं की फाटतं.

आणि मंगळूरकडून कुणी येत असेल तर कॅम्पकोचं सामान मागवून बघा. १९७३ ची सहकारी संस्था आहे, पुत्तूरला १९८६ पासून चॉकलेटचा कारखाना, आणि माल सुपारी-कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा.

मुलुखगिरी

लहान मुलांना रात्री दिलं तर झोप उडते का?

कपबशी

५ ग्रॅम कोकोत कॅफीन १०-१२ मिलिग्रॅम, थिओब्रोमीन (कोकोतलं कॅफीनच्या जातीचं उत्तेजक) सुमारे १०० मिलिग्रॅम. कॉफीच्या कपात कॅफीनच ८०-१०० असतं, त्या मानाने किरकोळ. तरी लहान मुलांना अर्धा कप आणि संध्याकाळी दिलेलं बरं. कॉफीचा स्वाद असलेली 'मोका' मिश्रणं मात्र त्यांना देऊ नका. घरात कुत्रा असेल तर उरलेलं कधीही त्याच्या ताटलीत ओतू नका, थिओब्रोमीन कुत्र्यांना विषारी आहे.

खर्डेघाशी

सोसायटीत ३१ डिसेंबरला २५ जणांसाठी करायचं आहे. पाकिटं आणू की कोको? आणि दोन तास गरम कसं ठेवू?

रवीवाला

कोकोच आणा. १८० मिलीचे २५ कप म्हणजे साडेचार लिटर, थोडं आटतं म्हणून टोन्ड दूध पाच लिटर घ्या. डच कोको १२५ ग्रॅम, साखर २२५ ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर २५ ग्रॅम, मीठ पाव चमचा, हवं तर दालचिनीची दोन बोटं किंवा थोडं जायफळ. याच कामाला २५% वालं ड्रिंकिंग चॉकलेट घेतलं तर अर्धा किलो लागेल आणि साखर पावणेचारशे ग्रॅम पोटात जाईल.

सगळं कोरडं साहित्य एकत्र चाळा. अर्धा लिटर कोमट दूध थोडं थोडं घालत हँड ब्लेंडरने लेप करा. साडेचार लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात दालचिनी घालून तापवा, वाफ यायला लागली की लेप गाळणीतून ओता. इथून पुढे उलथनं तळ घासत फिरतं ठेवा. लेप तळाशी बसतो आणि कॉर्नफ्लॉवर लागतो, एकदा लागलं की करपट वास सगळ्या पातेल्याला येतो. उकळी आली की मंद आचेवर तीन मिनिटं, दालचिनी काढा. तळाला लागलंच, तर खरवडू नका, वरचं दूध हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या.

चहाचा तोटीचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने दहा मिनिटं भरून ठेवा, मग रिकामा करून त्यात गरम हॉट चॉकलेट भरा. दोन तास ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, त्याखाली दूध फार वेळ ठेवू नये. तोटी तळाला असते, त्यामुळे पहिले कप दाट आणि शेवटचे पातळ येतात. दर पाच-सहा कपांनंतर झाकण उघडून लांब डावाने तळापासून ढवळा. फेस हवा असेल तर थर्मासमध्ये घुसळू नका, एका जगमध्ये चार कप काढून तिथे घुसळा आणि ओता.